चाकांवरचे बिऱ्हाड

दसरा सरला, की धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब, परांडा या तालुक्यांच्या अनेक गावांत एक निराळीच लगबग सुरू होते. दळणे दळून पिठाच्या पिशव्या भरल्या जातात. तिखट-मिठाच्या पुरचुंड्या बांधल्या जातात. लोहाराच्या भात्यापाशी कोयत्यांना नवी धार चढते. ही तयारी यात्रेची नसते, की लग्नकार्याची नसते. पाच-सहा महिन्यांकरिता गाव सोडून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची ती तयारी असते.

गाव सोडावे, असे कोणाला वाटत नाही. परंतु बालाघाटाच्या या पठारावर पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. ज्वारीची पेरणी आटोपली, की कोरडवाहू शेतात फारसे काम उरत नाही. तिकडे भीमा, नीरा व कृष्णा या नद्यांच्या खोऱ्यांत मात्र कालव्यांच्या पाण्यावर उसाचे मळे डुलत असतात. लोणी येथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे असे कारखाने राज्यभर पसरले. ऊस वाढला, तसे तो तोडणारे हातही हवेसे झाले. १९७२ च्या दुष्काळाने तर मराठवाड्यातील कित्येक घरांना हीच वाट दाखविली.

या व्यवसायाची परिभाषा मोठी अर्थपूर्ण आहे. पती-पत्नींच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात. माणसे हत्याराच्या नावाने मोजली जातात. असे आठ-दहा कोयते मिळून एक टोळी होते व टोळीचा प्रमुख तो मुकादम. हंगामापूर्वीच मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतली जाते. तिला 'उचल' असे नाव आहे. ही उचल पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडावयाची असते. एखाद्या दिवशी काम चुकले, तर तो 'खाडा' होय. हंगामाच्या अखेरीस उचल फिटली नाही, तर ती पुढील वर्षाच्या डोक्यावर चढते. म्हणूनच अंगात ताप असला, तरी मजूर फडात उभा राहतो.

पूर्वी ही माणसे बैलगाड्यांतून जात. आता बऱ्याच टोळ्या ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांतून जातात. ट्रॉलीच्या तळाशी धान्याची पोती व भांडी. त्यांवर कोपीसाठी बांबू, चटया व ताडपत्री. त्यांवर अंथरुणे आणि सर्वांत वर माणसे. कोणाची शेळी कडेला बांधलेली असते, कोणाच्या कोंबड्या डालग्यात कलकलत असतात. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी अशी गावे मागे टाकीत हे बिऱ्हाड पश्चिमेकडे सरकते. एका वस्तीतील सोबती, भावकी, मैत्रिणी एकाच ट्रॉलीत असतात. त्यामुळे परक्या मुलखातही गावाचा एक तुकडा सोबत राहतो. कोणी आजारी पडले, तर शेजारची कोपी त्याच्या मुलांना भाकर देते.

या प्रवाशांत कुत्र्यालाही स्थान असते. त्याला उचलून ट्रॉलीत घेतले जाते आणि तो पोत्यांच्या बेचक्यात अंग चोरून बसतो. मोकळ्या माळावर पाचटाने शाकारलेल्या कोप्यांना दार नसते, कुलूप नसते. आईबाप फडात गेले, म्हणजे लहान मुले, शेळी आणि पीठमीठ यांची राखण तोच करतो. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या उसात बिबट्याचा वावर असतो. रात्री त्याची चाहूल बहुधा प्रथम कुत्र्यालाच लागते. आणि पुष्कळदा पहिला बळीही तोच ठरतो.

फडातील काम पहाटेच्या अंधारात सुरू होते. पुरुष बुडख्याशी ऊस तोडतो, पाला साळून शेंड्याचे वाढे छाटतो. स्त्री मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढविते. एक कोयता दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन टन ऊस तोडतो. ऊस तुटला, की त्यातील पाणी आटू लागते व साखरेचे विघटन होऊ लागते; म्हणून तो शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा लागतो. कारखान्याचे चाक अहोरात्र फिरते आणि त्याच्या गतीने मजुरालाही फिरावे लागते. मध्यरात्री गाडी आली, तरी ती भरावीच लागते.

निघण्याच्या दिवशी सर्वांत कठीण प्रश्न मुलांचा असतो. सोबत न्यावे, तर शाळा सुटते. मागे ठेवावे, तर म्हाताऱ्या आजीवर भार पडतो. हा प्रश्न सोडविण्याचे यत्न झाले आहेत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या, गावोगाव हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली आणि २०२१ साली राज्यशासनाने या मुलामुलींकरिता ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. तथापि, अद्याप पुष्कळ मुले ट्रॉलीत चढतातच. थोरली बहीण असेल, तर धाकट्यास सांभाळण्यासाठी तिलाच बहुधा वही मिटावी लागते.

उन्हाळा लागला, की कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपते, आणि बिऱ्हाड माघारी वळते. गावाची शीव दिसताच प्रथम कुत्रा खाली उडी टाकतो व घराकडे धाव घेतो. त्याच्यामागून मुले उतरतात. शाळेत तोवर वार्षिक परीक्षेची तयारी चाललेली असते आणि हजेरीपटावरील त्यांच्या नावांपुढे कित्येक महिन्यांच्या फुल्या पडलेल्या असतात. बापाचा खाडा मुकादमाच्या वहीत भरून निघतो. मुलाचा हा खाडा मात्र कोणत्याही हंगामात भरून निघत नाही. पुढल्या दसऱ्याला ट्रॉली पुन्हा दाराशी उभी राहील. तीत पोती चढोत, शेळी चढो, इमानी कुत्राही चढो. दप्तर मात्र गावातच राहावे, एवढी व्यवस्था करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.