बालाघाटाची हवा आणि अंडरस्टेबल ड्रायव्हर

डिस्क गोल्फमध्ये लांब पल्ल्याच्या पहिल्या फेकीसाठी जी चकती वापरतात तिला डिस्टन्स ड्रायव्हर म्हणतात. व्यास साधारण 21 सेंटिमीटर, वजन बहुधा 150 ते 175 ग्रॅम, कड रुंद आणि बाहेरच्या अंगाला निमुळती होत गेलेली. शाळेच्या मैदानावरची थाळी व्यासाने जवळपास एवढीच असते, पण पुरुषांच्या थाळीचं वजन 2 किलो भरतं. त्यामुळे थाळी मुख्यतः फेकणाऱ्याच्या ताकदीवर जाते आणि चकती मुख्यतः हवेवर. चकतीच्या निवडीवर खेळाडू तासन्‌तास वाद घालतात, त्यामागचं कारण हेच.

चकतीची वाट सरळ नसते. उजव्या हाताने, छातीसमोरून हात बाहेर काढत, म्हणजे बॅकहँड पद्धतीने फेकलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. हातातून सुटल्यावर वेग भरपूर असतो तोवर ती किंचित उजवीकडे झुकू पाहते. या झुकण्याला टर्न म्हणतात. वेग ओसरला की ती डावीकडे वळत खाली येते, तो फेड. टर्न ठळक आणि फेड कमी असलेली चकती अंडरस्टेबल. उजवीकडे झुकायला तयारच नसलेली आणि शेवटी डावीकडे जोरात वळणारी ओव्हरस्टेबल. डावखुऱ्या खेळाडूसाठी दिशा उलट धरायच्या. उजव्या हाताने फोरहँड फेकणाऱ्यालाही तोच नियम लागू, कारण चकतीची फिरकी उलटी होते.

हे दोन उलटसुलट कल एकाच चकतीत येतात कुठून, याचं उत्तर हवेच्या दाबात आहे. उडत्या चकतीवर हवेचा उचल देणारा जोर सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, पण हिशेबासाठी तो एका बिंदूवर एकवटलेला मानता येतो. हा दाबकेंद्राचा बिंदू चकतीच्या बरोबर मध्यावर राहत नाही. चकती वेगात, हवेला जवळजवळ समांतर जात असते तेव्हा तो मध्याच्या मागे असतो आणि चकतीचं नाक खाली दाबू पाहतो. वेग कमी होऊन चकती खाली बसू लागते, तसा हवेचा मारा खालून जास्त तिरका होतो. बिंदू पुढे सरकतो आणि नाक वर उचलू पाहतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात जोनाथन पॉट्स आणि विल्यम क्राउदर यांनी फ्रिस्बी पवनबोगद्यात ठेवून हे सरकणं मोजलं. त्यांचे निष्कर्ष 2002 च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

चकती फिरत नसती तर ती नाकावर आपटली असती किंवा मागे उलटली असती. पण फिरणाऱ्या वस्तूला एका बाजूने ढकललं तर ती त्याच बाजूला न कलता नव्वद अंश पुढच्या बाजूला कलते. कलू लागलेला भोवरा लगेच न पडता गोल गोल डोलतो तो याच नियमाने. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या चकतीचं नाक खाली दाबलं की तिची उजवी कड खाली जाते, आणि नाक वर उचललं की डावी. पहिला परिणाम म्हणजे टर्न, दुसरा म्हणजे फेड. फिरकी जितकी जास्त तितकं हे कलणं संथ. म्हणून नुसता जोर असून भागत नाही. फिरकी कमी पडली तर चांगली चकतीही लवकर लोळते.

एखादी चकती अंडरस्टेबल करायची तर उत्पादक मुख्यतः कडेशी खेळतात. चकती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून पाहिली की कडेवर वरचा आणि खालचा उतार जिथे मिळतात ती एक बारीक रेघ दिसते. ही रेघ टेकलेल्या तळापासून जितकी उंच, तितकी चकती ओव्हरस्टेबल. जितकी खाली, तितकी अंडरस्टेबल. कडेच्या तळाशी काही चकत्यांना प्लॅस्टिकची बारीक गोल वळी असते, तीही चकतीला ओव्हरस्टेबल बाजूला नेते. एकाच नावाच्या दोन चकत्या शेजारी ठेवल्या तर ही रेघ अर्ध्या मिलिमीटरने वरखाली असू शकते, आणि तेवढ्यानेही उड्डाणात फरक पडतो. दुकानात पाहून घेण्याची सोय असेल तर नावाआधी कड पाहावी.

निमुळत्या कडेची पहिली गोल्फ चकती अमेरिकेत डेव्ह ड्युनिपेस यांनी 1983 मध्ये आणली. त्यांच्या इनोव्हा कंपनीने पुढे चकतीवर चार आकडे छापण्याची पद्धत रूढ केली: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याची क्षमता), टर्न आणि फेड. साइडवाइंडर या चकतीचे आकडे 9, 5, -3, 1 असे आहेत. रोडरनरचे 9, 5, -4, 1. माम्बाचे 11, 6, -5, 1. या तिन्ही अंडरस्टेबल. व्यावसायिक खेळाडूंची लाडकी डिस्ट्रॉयर 12, 5, -1, 3 अशी आहे, तर 9, 3, 0, 4 अशी फायरबर्ड ठार ओव्हरस्टेबल. टर्नचा आकडा शून्याखाली जितका जास्त, तितकी चकती उजवीकडे झुकायला उत्सुक. हे आकडे कोणत्याही तटस्थ संस्थेने मोजलेले नसतात, उत्पादकानेच ठरवलेले असतात; दोन कंपन्यांचा -3 एकसारखा असेलच असं नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो पहिल्या आकड्याबद्दल. स्पीड 12 म्हणजे चकती जास्त वेगाने जाते असा अर्थ नव्हे. छापलेले बाकीचे आकडे खरे ठरायचे असतील तर चकती किती जोराने सुटली पाहिजे, हे तो आकडा सांगतो. व्यावसायिकांच्या हातून चकती ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने सुटते. नवख्याचा वेग 70-75 च्या आसपास असतो. त्या वेगात डिस्ट्रॉयरचं नाक खाली दाबणारा जोर पुरेसा तयारच होत नाही. टर्न येत नाही, फेड मात्र पूर्ण येतो आणि चकती डावीकडे वळून पन्नास-साठ मीटरवर बसते. त्याच हातातून सुटलेली साइडवाइंडर बरीचशी सरळ जाते, कारण तिला झुकायला कमी जोर पुरतो. आकड्याने अंडरस्टेबल असलेली चकती मंद हातात सरळ उडते, ही या निवडीची गुरुकिल्ली.

मोठ्या आकड्याचा मोह किती फोल आहे याला एक दाखला पुरे. स्वीडनच्या ख्रिश्चन सँडस्ट्रॉम यांनी 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यात 250 मीटरचा त्या वेळचा जागतिक विक्रम केला, तो 9, 4, -2, 2 आकड्यांच्या व्हॅल्किरीने. स्पीड 9 ची चकती पाव किलोमीटर जाऊ शकते, तर नवख्याला 13 ची गरज कशाला? सध्याचा 338 मीटरचा विक्रम डेव्हिड विगिन्स ज्युनिअर यांनी 28 मार्च 2016 रोजी नेव्हाडातल्या प्रिम इथे केला. तोही वाळवंटी माळ, आणि वारा पाठीमागून.

माळ आणि वारा या दोन्ही गोष्टी बीड जिल्ह्यात मुबलक आहेत. खेळ इथे फारसा परिचित नसला तरी त्याला लागणारी जागा परकी नाही. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये 1975 मध्ये पहिलं कायमचं मैदान उभं राहिलं आणि एड हेड्रिक यांनी साखळ्यांची टोपली तयार केली, त्याआधी खेळाडू झाडं आणि खांब यांनाच लक्ष्य करत. बाभळीचं खोड त्या कामाला आजही चालतं. रब्बीची काढणी झाल्यावर रिकामी होणारी रानं, पाटोदा-आष्टीकडचे मुरमाड माळ आणि बालाघाटाचं पठार यांत फेकीला अडथळा असा नाही. प्रश्न हवेचा आहे.

बीड शहर समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर मे महिन्यात पारा 40 अंशांवर असताना एक घनमीटर हवेचं वजन सुमारे 1.06 किलो भरतं. जानेवारीच्या पहाटे 12 अंशांना तेच 1.17 किलोच्या घरात असतं. म्हणजे उन्हाळी दुपारी हवा नऊ टक्क्यांनी विरळ. हवेचा जोर घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्या हिशेबाने मे महिन्यात ताशी 75 किलोमीटरने सुटलेल्या चकतीवर पडणारा जोर जानेवारीतल्या 71 किलोमीटरच्या फेकीएवढाच. विरळ हवेत चकतीला अडथळा कमी होतो, पण उचल आणि टर्नही कमी होतात. उंच पठारावर किंवा कडक उन्हात प्रत्येक चकती थोडी ओव्हरस्टेबल वागते. समुद्रकाठच्या खेळाडूला -2 पुरत असेल तर बालाघाटावरच्या त्याच ताकदीच्या खेळाडूने -3 कडे वळावं, याला भौतिकशास्त्राचा आधार आहे.

वाऱ्यापुढे मात्र हा फरक किरकोळ ठरतो. चकतीला जमिनीवरचा वेग कळत नाही, हवेतला कळतो. ताशी 75 किलोमीटरच्या फेकीला समोरून 15 किलोमीटरचा वारा मिळाला की हवेतला वेग 90 होतो आणि जोर 44 टक्क्यांनी वाढतो. तोच वारा पाठीमागून असेल तर वेग 60 आणि जोर 36 टक्क्यांनी कमी. जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा वारा पठारावर किती नेटाने वाहतो, याची साक्ष तिथल्या पवनचक्क्या देतात. अशा वाऱ्याला तोंड देऊन साइडवाइंडर फेकली तर ती उजवीकडे लोळून कडेवर आदळते. वारा पाठीला असेल तर तीच चकती उत्तम, कारण कमी झालेल्या जोरातही ती झुकते आणि लांब तरंगते. थाळीफेकीत गणित वेगळं आहे. जड थाळीला समोरचा वारा उचल देतो. लिथुएनियाच्या मिकोलास अलेक्ना यांनी एप्रिल 2025 मध्ये 75.56 मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम केला, तो अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रमोना या वाऱ्यासाठी प्रसिद्ध झालेल्या मैदानावर. थाळीफेक करणारा वारा समोरून शोधतो, तर अंडरस्टेबल ड्रायव्हर फेकणाऱ्याला तो पाठीमागून हवा असतो.

समोरच्या वाऱ्यात दुसरी चकती हाताशी नसेल तर एक उपाय आहे. सोडताना चकतीची बाहेरची, म्हणजे उजव्या हाताच्या बॅकहँडला डावी कड पंधरा-वीस अंश खाली ठेवायची. टर्न तिला हळूहळू आडवी करतो आणि तिथून ती सरळ तरंगत जाते. या फेकीला हायझर फ्लिप म्हणतात आणि अंडरस्टेबल चकतीशिवाय ती नीट जमत नाही. खरं तर जोरदार हाताचे खेळाडूही अशी चकती बाळगतात ती यासाठीच.

वजन निवडताना 175 ग्रॅमचा आग्रह नको. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम वजन चालतं, 21.1 सेंटिमीटरच्या चकतीला ते 175 ग्रॅम होतं. पण ती कमाल मर्यादा आहे. 150 ते 160 ग्रॅमची चकती मंद हाताला जास्त वेगाने सोडता येते आणि ती झुकतेही लवकर. वाऱ्यात मात्र ती जास्त भरकटते. कडेची रुंदीही हाताला मानवली पाहिजे. नियमाने ती 2.6 सेंटिमीटरपर्यंत असू शकते, पण लहान पंजाच्या मुलामुलींना स्पीड 9 ची अरुंद कडच घट्ट पकडता येते.

प्लॅस्टिकची निवड जमिनीकडे पाहून करावी. बेसाल्टचा खडक आणि मुरूम यांवर आपटून कडेला ओरखडे पडतात, तळाची धार बोथट होते, आणि चकती महिनोन्‌महिने अधिकाधिक अंडरस्टेबल होत जाते. स्वस्त, मऊ प्लॅस्टिकमध्ये ही झीज लवकर होते. दगडाळ माळावर खेळणाऱ्याने टिकाऊ, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची चकती घ्यावी आणि टर्न आरंभी एका आकड्याने कमी धरावा. काळ्या मातीच्या नांगरलेल्या रानात खेळणाऱ्याला स्वस्त चकतीही पुष्कळ टिकते. वाळल्या गवतात पिवळी चकती शोधता शोधता दमछाक होते, त्यापेक्षा गडद गुलाबी किंवा निळी बरी. मे महिन्यात ती मोटारीत किंवा पत्र्यावर ठेवली तर वाकडी होते आणि मग वरचे सगळे हिशेब फोल ठरतात.

चकतीवर दोष ढकलण्यापूर्वी हात तपासणंही गरजेचं. हातातून सुटताक्षणीच चकती थरथरत उजवीकडे जमिनीत घुसली तर मनगट वळलेलं असतं. त्याला चकती काय करणार? ती वीस-तीस मीटर सरळ जाऊन मग सावकाश उजवीकडे झुकू लागली, तर तो खरा टर्न. सुटतानाच नाक वर असेल तर दाबकेंद्र सुरुवातीपासून पुढे असतं, आणि कितीही अंडरस्टेबल चकती घेतली तरी ती वर चढून डावीकडेच पडते. नवख्यांची लांबी या एका चुकीने सर्वाधिक घटते आणि नवी चकती विकत घेऊन ती सुधारत नाही.

बीडच्या माळावर पहिला ड्रायव्हर घ्यायचा तर स्पीड 7 ते 9, टर्न -2 किंवा -3, फेड 1 आणि वजन 160 ग्रॅमच्या आत हा पर्याय सर्वांत शहाणपणाचा. काही महिन्यांनी वारा पडलेल्या सकाळी आडवी सोडलेली चकती उजवीकडे झुकून परत येईनाशी झाली, तर हाताचा वेग वाढला आहे किंवा चकती झिजली आहे, बहुधा दोन्ही. तेव्हा -1 ची दुसरी घ्यावी, आणि जुनी पाठीमागच्या वाऱ्यासाठी किंवा जमिनीवरून कडेवर धावणाऱ्या रोलर फेकीसाठी ठेवावी. वापराने आलेली झीज स्पर्धेच्या नियमांत बसते, ओरखडे घासून साफ करायलाही मुभा आहे. उड्डाण बदलावं म्हणून चकतीत मुद्दाम केलेला फेरफार मात्र चालत नाही, आणि तडा गेलेली किंवा भोक पडलेली चकती स्पर्धेतून बाद ठरते.