स्पीकर घुमतो तेव्हा आत काय बिघडलेलं असतं?

मागच्या दिवाळीला आमच्या गटाने बैठकीच्या खोलीसाठी स्पीकरचा संच घेतला. खोक्यावर ठळक छापलेलं, '10,000 वॅट'. साडेचार हजार रुपये मोजले. आठ महिन्यांतच रेडिओ लावला की मागे सारखी घरघर सुरू झाली आणि बोलणाऱ्या बाईंचे निम्मे शब्द त्यात बुडायला लागले. दुकानदार म्हणाला, "टाकून द्या, नवा घ्या."

साडेचार हजार म्हणजे आमच्या पंधराजणींची शंभर-शंभरप्रमाणे तीन महिन्यांची बचत. अशी कशी टाकून द्यायची? तालुक्याच्या दुरुस्तीवाल्या दादांकडे संच नेला, आणि समोर बसून उघडायला लावला.

आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे हेलकावते. संचाला मात्र एकसारखी वीज लागते. ते काम ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कंडेन्सर मिळून करतात. कंडेन्सर म्हणजे उभ्या नळकांडीसारखा छोटासा डबा. आपल्या पाण्याच्या टाकीसारखंच त्याचं काम. मोटर थांबत थांबत पाणी चढवते, तरी टाकीमुळे नळाला धार सलग येते. टाकीच आटली तर धार तुटणारच. तसं कंडेन्सर निकामी झाला की विजेचे हेलकावे थेट स्पीकरपर्यंत पोचतात, आणि तीच घरघर आपल्याला ऐकू येते.

या डब्याच्या आत ओलावा असतो, तो उष्णतेने हळूहळू सुकतो. आमच्या दोन कंडेन्सरची डोकी भाकरीसारखी टम्म फुगलेली होती! दादांनी त्यावरचा आकडा दाखवला, 85 अंश. थोडे जास्त पैसे घातले की 105 अंशांचा मिळतो, तो उष्णता जास्त सोसतो. साधारण हिशेब असा, की दहा अंश उष्णता कमी झाली तर कंडेन्सरचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. आणि आम्ही काय केलं होतं? संचाची हवा जायची भोकं क्रोशाच्या रुमालाने झाकली होती. शोभा म्हणून!

मग 10,000 वॅटचं काय? संचाच्या पाठीवर एक बारीक पट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं, वीज लागते 40 वॅट. चाळीस वॅट घेणारा संच सतत दहा हजार वॅट देईल कुठून? लिटरभर दुधातून शंभर लिटर ताक काढल्यासारखंच झालं की. खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहिलेला आकडा सोडून द्यावा. 'आरएमएस' लिहिलेला असेल तो विचारावा, आणि पाठीवरची पट्टी वाचावी. आम्ही आधी वाचली असती तर!

स्पीकरची वायरही दादांनी ब्लेडने खरवडली. वरून तांब्याचा रंग, आतून पांढरं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ॲल्युमिनियम विजेला जास्त अडवतं. शिवाय ते तुटतं लवकर. साधी तांब्याची वायर घेतली की झालं. सोनेरी टोकांच्या महागड्या वायरींनी एवढ्याशा खोलीत काही फरक पडत नाही, असं आमचं मत.

खरा आवाज घडतो तो स्पीकरच्या कागदी पडद्यात आणि त्याच्या खोक्यात. आमचं खोकं पातळ प्लॅस्टिकचं. ते स्वतःच थरथरतं, म्हणून माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्याला दुरुस्ती नाही. विकत घेतानाच खोक्यावर टिचकी मारून पाहायची. पोकळ खडखड आली तर दुसरं बघायचं.

दोन कंडेन्सर, वायर आणि मजुरी धरून 230 रुपये लागले. घरघर गेली, घुमणं थोडं राहिलंय. पण मैत्रिणींनो, घरी कुणी संच उघडू नका. वायर काढून ठेवली तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते आणि जोराचा झटका बसतो. दुरुस्तीला द्याल तेव्हा जुना कंडेन्सर परत मागून घ्या, नव्यावरचे मायक्रोफॅरडचे आकडे तेच आहेत ना आणि व्होल्ट कमी तर नाहीत ना, हे समोरच ताडून पाहा.