बरणीतली वस्ती

चौथ्या दिवशी बरेच लोक बरणी मोरीत रिकामी करतात.

तिच्यात असतं फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, वजनाला सारखं. यीस्ट नाही, साखर नाही, दही नाही. दुसऱ्या दिवशी हे मिश्रण दणकून फसफसतं, झाकणापर्यंत चढतं, घरात त्याचे फोटो काढले जातात. मग सगळं थंड पडतं. बुडबुडे जातात, वर पाणी सुटतं, वास नकोसा होतो. ‘मेलं ते,’ म्हणून माणूस नळ सोडतो. सावरडो पावाच्या, म्हणजे अशाच पिठावर फुगणाऱ्या पावाच्या, गोष्टीतला सगळ्यात थरारक भाग नेमका तेव्हाच चालू असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

गहू शेतातून येतो तो एकटा येत नाही. दाण्याच्या सालीवर असंख्य जिवाणू आणि रानटी यीस्ट असतात; दळल्यावर तेही पिठात येतात. पाणी लागताच आधी उठतात ते घाईचे. त्यांत बहुधा ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू असतो. इडलीचं पीठ फुगवतो तोच हा! दुसऱ्या दिवशीची फुगी ही अशांची, यीस्टचा तीत फारसा हात नसतो. पण साखर खाऊन हे जिवाणू आम्ल सोडतात आणि त्या आम्लात त्यांचाच टिकाव लागत नाही. सुरुवातीला मिश्रणाचा सामू 6 च्या आसपास असतो, तो घसरत 4 च्या खाली जातो. पहिली फळी आपल्याच आंबटपणात बसते. मग आंबट मानवणारे लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू आणि आम्लाला न बधणारी यीस्ट सावकाश वाढू लागतात. ते सामसूम दिवस म्हणजे हा पालट. आठवडा-दहा दिवसांत बरणी पुन्हा चढू लागते, या वेळी ताकासारख्या, जरा फळांकडे झुकणाऱ्या वासाने, आणि नवं पीठ घातल्यावर काही तासांत दुप्पट होते. तिला आता स्टार्टर म्हणायचं.

दही लावणाऱ्या घराला यात नवल वाटणार नाही. कालचं थोडं ठेवायचं, आजचं त्यात घालायचं, विरजणच की! पण विरजण आपण तापवलेल्या दुधाला लावतो. तिथे आधीच्या जिवाणूंचा बंदोबस्त शेगडीने केलेला असतो. पीठ मात्र कच्चं असतं. रोजच्या खुराकाबरोबर नवे पाहुणे बरणीत उतरत राहतात, आणि तरीही आतली वस्ती वर्षानुवर्षं जवळपास तीच राहू शकते. मला पावापेक्षा याचंच आश्चर्य जास्त वाटतं.

याचं एक कारण आम्ल. दुसरं आपल्या हातात असतं. प्रत्येक वेळी नवं पीठ घालण्याआधी निम्म्याहून अधिक मिश्रण काढून टाकतात, ते केवळ बरणीत जागा हवी म्हणून नव्हे. जो त्या वेगाने परत वाढू शकत नाही, तो थोड्याच दिवसांत बरणीतून नाहीसा होतो. म्हणजे निवड करतो तो आपला फेकणारा चमचा. (फेकणं जिवावर येतं, मान्य. पहिला आठवडा उलटला, स्टार्टर नीट चढू लागला, की काढलेल्या मिश्रणात कांदा-मिरची घालून धिरडी घालावीत. उत्तम होतात.)

या वस्तीचा आतला व्यवहार पहिल्यांदा नीट उलगडला तो कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्कोचा आंबट पाव सोन्याच्या शोधात लोक तिथे लोटले त्या काळापासूनचा. तिथली बूदँ बेकरी 1849 सालची. असा पाव या शहराबाहेर होतच नाही, अशी तिथे ठाम समजूत. शेजारच्या ऑल्बनी गावातल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत लिओ क्लाइन आणि टी. एफ. सुगिहारा यांनी या बेकऱ्यांचं पीठ तपासलं आणि 1971 मध्ये निष्कर्ष छापले. पिठात मुख्यतः दोघांचं राज्य होतं: एक यीस्ट आणि एक तोवर अनोळखी जिवाणू. संख्येने जिवाणू यीस्टच्या कितीतरी पट. त्याला पुढे शहराचंच नाव मिळालं, सॅनफ्रान्सिसेन्सिस.

यात गंमत आहे ती जेवणाची. पिठात मोकळी साखर थोडीच असते. पण दाण्यातल्या एन्झाइमना आपण दळले गेलो याचा पत्ताच नसतो. पाणी लागलं की त्यांना वाटतं पेरणी झाली, आणि कोंबाला खाऊ म्हणून ते स्टार्चचे तुकडे करून माल्टोज बनवू लागतात. माल्टोज म्हणजे ग्लुकोजच्या जोडलेल्या दोन कड्या. त्या बेकऱ्यांतल्या यीस्टला माल्टोज फोडताच येत नाही. त्या जिवाणूला मात्र तेच हवं असतं. तो कड्या सोडवतो, एक वापरतो आणि दुसरी बऱ्याचदा बाहेर टाकून देतो. ती यीस्ट उचलते. दोघांचं ताट एक आणि भांडण शून्य! यीस्टच्या पेशी मेल्या की त्यांच्यातली अमिनो आम्लं जिवाणूच्या कामी येतात. जिवाणूचं ॲसेटिक आम्ल इतरांना हुसकावतं, पण या यीस्टला सोसतं.

शहराचा अभिमान मात्र फार दिवस टिकला नाही. तोच जिवाणू नंतर युरोपातल्या पिठांतही सापडला. 2021 मध्ये चार खंडांतल्या 500 स्टार्टरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तर गावावरून वस्ती ओळखता येत नाही असंच दिसलं. बऱ्याच बरण्यांत पाकिटात मिळणाऱ्या नेहमीच्या यीस्टचीच जात होती, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा करार हा अनेक करारांपैकी एक. त्याआधी वेगवेगळ्या देशांतल्या 15 बेकरांना एकाच पिठापासून स्टार्टर करून बेल्जियमला यायला सांगितलं होतं. तिथे त्यांचे हातही तपासले. त्यांवर लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू सर्वसामान्य माणसांच्या मानाने खूपच जास्त निघाले. पिठातून हातावर गेले की हातावरून पिठात, हे कोण सांगणार? दोन्ही बाजूंनी ये-जा होत असणार. ‘हाताला चव आहे’ हे आपण उगाच म्हणत नाही.

गोव्यात पोर्तुगीज पाव घेऊन आले तेव्हा पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, पीठ फुगवण्याची कामगिरी माडाच्या सुरेवर सोपवली होती. सूर म्हणजे माडी, रानटी यीस्टचा तयार साठा. आता बहुतेक ठिकाणी पाकिटातलं यीस्ट आहे, आणि पाव पुष्कळच मुका झालाय असं माझं मत.

घरी पावाचं साधं माप असं: 500 ग्रॅम पीठ, 350 ग्रॅम पाणी, 100 ग्रॅम चढलेला स्टार्टर, 10 ग्रॅम मीठ. मैद्यातली प्रथिनं ओली झाली की ग्लुटेनचं जाळं बनतं आणि यीस्टचा वायू त्यात अडकतो. चक्कीच्या कणकेला पाणी जास्त लागतं, कारण जात्यात स्टार्चचे कण चिरडतात. चिरडलेले कण एन्झाइमना लवकर फोडता येतात, म्हणून ती आंबतेही झटपट. त्यात पुण्या-नागपुरातला मे महिना असेल, तर परदेशी पाककृतीतले तास विसरावेत आणि पिठाकडे बघावं. आम्ल फार वाढलं की ग्लुटेनच कुरतडलं जातं आणि गोळा पसरट होतो. खपलीचा पाव चवीला सुरेख, पण तिचं ग्लुटेन मुळातच दुबळं; तो बुटकाच राहणार, रागावू नये.

भाजायचं ते जाड झाकणाच्या भांड्यात, 230 ते 240 अंशांवर. पिठातून निघालेली वाफ आत कोंडते, कवच ओलं राहतं आणि पहिल्या काही मिनिटांत पाव वर उसळतो. विसेक मिनिटांनी झाकण काढलं की कवच तांबूस, कुरकुरीत होतं. आतलं तापमान साठीच्या आसपास पोचलं की यीस्ट मरतं. त्याने भरलेल्या पोकळ्या राहतात, आम्लंही राहतात. म्हणून हा पाव लवकर बुरसत नाही, चार दिवस फडक्यात गुंडाळून ओट्यावर राहतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, तिथल्या थंडीत स्टार्च लवकर कडक होतो. फ्रिजमधली ती जागा स्टार्टरला द्यावी. आठवड्यातून एकदा पीठ-पाणी मिळालं की त्याचं भागतं.