रेघेच्या मागावर

सेंट पीटर्सबर्गमधलं ते बिऱ्हाड एका थिएटरच्या रंगमंचाच्या वरच्या मजल्यावर होतं. रस्त्यावर जायचं तर जिना उतरून रंगमंच ओलांडूनच जावं लागे. वडील नाटकाचं सामानसुमान सांभाळत, आई धुणी धुवायची. १८९१ साली जन्मलेल्या अलेक्झांडर रॉदचेन्कोचं बालपण असं सुरू झालं. पुढे त्याची छायाचित्रं पाहताना, इमारतीच्या माथ्यावरून खाली रोखलेला त्याचा कॅमेरा पाहताना, मला हे बिऱ्हाड हटकून आठवतं.

कझानच्या कलाशाळेत तो शिकला. तिथेच वार्वारा स्तेपानोवा भेटली आणि दोघांनी आयुष्यभर एकत्र काम केलं. १९१४ साली कवी मायाकोव्हस्की भविष्यवादी मंडळींबरोबर कझानला आला. त्याला ऐकायला गेलेल्या या विद्यार्थ्याला नवी कला कशी असावी याची दिशा सापडली. पुढच्याच वर्षी त्यानं पट्टी आणि कंपास हातात घेतला. त्या साधनांनी काढलेली चित्रं १९१६ साली कलावंत तात्लिननं मॉस्कोत भरवलेल्या 'दुकान' नावाच्या प्रदर्शनात लागली. त्या वेळी पट्टीनं चित्र काढणं धाडसाचंच होतं. चित्रकाराची ओळख त्याच्या हाताच्या वळणात असते असं आपण मानतो आणि पट्टी नेमकं तेच वळण पुसून टाकते. उरते ती नुसती रेघ, कुणाचीही नसलेली. रॉदचेन्कोला तीच हवी होती.

१९१८ मध्ये त्यानं काळ्यावर काळा रंग लावून चित्रं केली. चित्रकार मालेविचच्या पांढऱ्यावरच्या पांढऱ्याला दिलेलं ते उत्तर होतं. रंगच नसल्यामुळे नजर पृष्ठभागावर खिळते. कुठे चकचकीत, कुठे खरखरीत, एवढ्या फरकावर चित्र उभं राहतं. मग प्लायवूडच्या एकाच फळीतून एकात एक बसणारे आकार कापून, ते फिरवून छताला टांगायची रचना त्यानं केली. उतरवली की ती पुन्हा सपाट घडी होई. अशा रचनांपैकी लंबगोलांची एकच आज शिल्लक आहे, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात.

सप्टेंबर १९२१ मध्ये मॉस्कोत पाच कलावंतांचं प्रदर्शन भरलं. रॉदचेन्कोनं तिथे तीन कॅनव्हास टांगले : एक निव्वळ लाल, एक निव्वळ पिवळा, एक निव्वळ निळा. चित्रकला तर्काच्या शेवटाला पोचली असं त्याचं म्हणणं होतं. वय होतं २९. पुष्कळ जण याला चित्रकलेचा मृत्यू म्हणतात. मला ते पटत नाही. इतका मूलभूत प्रश्न कॅनव्हासवर सुटला, की तो घेऊन माणूस बाहेर पडणारच. रेघ आता भिंतीवर टांगून कुणाला उपयोगी पडणार होती?

ती गेली दुकानात आणि रस्त्यावर. लेनिनच्या नव्या आर्थिक धोरणात खाजगी व्यापाराला परवानगी मिळाली आणि सरकारी कारखान्यांना गिऱ्हाईक आपल्याकडे ओढणं भाग पडलं. १९२३ पासून मायाकोव्हस्की मजकूर लिही, रॉदचेन्को मांडणी करी. गलोश, बिस्किटं, लहान मुलांची रबरी चोखणी, कशाचंही काम त्यांनी हलकं मानलं नाही. सही करायचे ती 'जाहिरात-रचनाकार' अशी. आपल्याकडे अजूनही कलाशाळांच्या आवारात 'फाइन' आणि 'कमर्शियल' असे दोन पंथ नांदतात, म्हणून ही सही मला फार महत्त्वाची वाटते.

लेनिनग्राडच्या सरकारी प्रकाशनासाठी १९२४ मध्ये केलेलं पोस्टर पाहा. मायाकोव्हस्कीची प्रेयसी लील्या ब्रिक तोंडाशी हात धरून ओरडते आहे. तिच्या तोंडातून त्रिकोणी झोत निघतो आणि त्यात रशियन अक्षरांत 'पुस्तकं' हा शब्द आहे. तोंडापासून दूर जाताना अक्षरं मोठी होत जातात. कागदावर आवाज कसा काढायचा, याचं उत्तर फक्त दोन तिरप्या रेघांनी दिलं आहे!

यात फोटो आला आणि तिथूनच पुढची वाट फुटली. १९२३ मध्ये मायाकोव्हस्कीच्या दीर्घकाव्यासाठी त्यानं फोटोंच्या कात्रणांची जुळणी केली होती. ते फोटो दुसऱ्यांचे होते. हवं ते नेमकं मिळावं म्हणून १९२४ मध्ये तो स्वतः कॅमेऱ्याकडे वळला. सुरुवातीच्या छायाचित्रांतच आई आहे : डोक्याला रुमाल, चष्म्याची एकच काच डोळ्याशी धरून वाचणारी. फ्रेम इतकी जवळून कापली आहे, की कपाळावरच्या सुरकुत्या आणि ती गोल काच यांपलीकडे काही उरत नाही.

त्या काळी बरेच लोक कॅमेरा पोटाशी धरून वरून त्यात डोकावत. त्यामुळे फोटोतलं जग जुन्या चित्रांसारखंच समोरून, सरळ दिसायचं. रॉदचेन्कोचं सांगणं असं : शहरातला माणूस उंच इमारतींकडे मान वर करून पाहतो, खिडकीतून खाली ट्राम पाहतो. मग कॅमेऱ्यानं बेंबीच्या उंचीवरच का थांबावं? १९२५ मध्ये त्यानं मॉस्कोच्या म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या आपल्या इमारतीच्या बाल्कन्या खालून टिपल्या, एकावर एक चढत गेलेल्या. १९२८ मध्ये लायका हा छोटा कॅमेरा हाती आला आणि हालचाल आणखी मोकळी झाली. १९३० च्या 'जिना' या छायाचित्रात मुलाला घेऊन एक बाई पायऱ्या चढते आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तिरप्या धावतात. रेघांच्या चित्रांतली तीच रेघ आता उन्हानं आखली आहे.

याच तिरपेपणाची किंमत त्याला मोजावी लागली. बिगुल वाजवणाऱ्या पायोनियर मुलाचा खालून घेतलेला चेहरा टीकाकारांना विद्रूप वाटला. 'रूपवादी' हा शिक्का बसला आणि १९३१ मध्ये 'ऑक्टोबर' या कलावंतांच्या गटातून त्याला काढलं. १९३३ मध्ये तो पांढरा समुद्र-बाल्टिक कालव्यावर गेला. कैद्यांच्या हातांनी खोदलेल्या त्या कालव्यावर हजारो माणसं मेली. रॉदचेन्कोनं तिथे फोटो काढले आणि ते राज्याचा गौरव करणाऱ्या मासिकाच्या अंकात मांडले. त्या पानांची रचना अव्वल आहे, हे मान्य करताना माझा हात थांबतो.

१९३४ मध्ये त्यानं 'उझबेकिस्तानची दहा वर्षं' हा ग्रंथ सजवला. तीन वर्षांनी राजकीय शुद्धीकरणाची लाट आली. ग्रंथात छापलेले पुढारी एकामागून एक 'जनतेचे शत्रू' ठरले आणि अशांची छायाचित्रं घरात ठेवणं हाच गुन्हा झाला. ब्रिटिश संग्राहक डेव्हिड किंग यांना पुढे कित्येक वर्षांनी रॉदचेन्कोच्या स्टुडिओत त्या ग्रंथाची त्याची स्वतःची प्रत सापडली. पानोपानी कोट, खांदे, कॉलर जागच्या जागी होते. चेहऱ्यांच्या जागी काळी शाई होती, पट्टी किंवा कंपास न लावता हातानं फासलेली.