सरदार, मंत्री आणि बटाट्याचा हुकूम

गावात नवी योजना आली, सही-अंगठा मागितला, की आपल्या गटातली एखादी तरी शहाणी बाई म्हणतेच, आधी वाचून दाखवा, कागदावर लिहिलंय काय? आज आपण रशियातल्या एका मोठ्या सरदाराची माहिती घेणार आहोत. त्याच्या कारभारात लाखो शेतकऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

पावेल किसेल्योव्ह हे त्याचं नाव. जन्म १७८८ चा, मॉस्कोतल्या उमराव घराण्यातला. त्या काळी रशियावर झारचं, म्हणजे सम्राटाचं राज्य होतं. सरकारी नोकरीच्या १४ पायऱ्या ठरलेल्या होत्या. लष्करातली पायरी आणि कचेरीतली पायरी एकमेकींना समांतर असत. त्यामुळे आज घोड्यावर बसणारा सरदार उद्या मंत्र्याच्या खुर्चीत बसला, तर कोणाला नवल वाटत नसे. किसेल्योव्हचं तसंच झालं.

तरुणपणी तो सम्राटाच्या घोडदळात शिरला. नेपोलियन रशियावर चालून आला तेव्हा, १८१२ साली, बोरोदिनोच्या मोठ्या लढाईत तो लढला. पुढे तो सम्राटाच्या खास मर्जीतला झाला. पण १८१६ साली त्याने सम्राटालाच एक टिपण लिहून दिलं, की भूदासपद्धत हळूहळू बंद करावी.

भूदास म्हणजे काय, ते जरा नीट समजून घेऊ. आपल्याकडचं कूळ खंड देत असे, पण कुळाला कोणी बाजारात विकत नसे. रशियातला भूदास जमीनदाराच्या मालकीचा असे. त्याला विकता येई, गहाण टाकता येई, फटके मारता येत. त्याच्या मुलीचं लग्नही जमीनदाराच्या परवानगीवर अडे. जमीनदाराची श्रीमंती मोजत ती त्याच्याकडे किती पुरुष भूदास आहेत त्यावरून. बायका राबत तेवढ्याच, पण त्या मोजणीत त्या धरलेल्या नसत. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत.

१८१९ पासून किसेल्योव्ह दक्षिणेकडच्या सैन्याचा मुख्य व्यवस्थापक होता. शिपायांना होणारी मारहाण त्याने कमी करायला लावली. पण उमरावी ताठा त्यालाही सुटला नव्हता. १८२३ साली मोर्द्विनोव्ह नावाच्या सेनाधिकाऱ्याशी त्याचा वाद झाला, दोघांनी पिस्तुलाने द्वंद्व खेळलं आणि मोर्द्विनोव्ह मेला. सम्राटाने त्याला शिक्षा केली नाही. त्याने त्या विधवेला पुढे वर्षासन दिलं, असं सांगतात.

तुर्कांशी युद्ध झाल्यावर, १८२९ ते १८३४, आजच्या रोमानियातल्या दोन प्रांतांचा कारभार त्याच्याकडे आला. प्लेग आणि कॉलरा आवरायला त्याने डॅन्यूब नदीवर रोखचौक्या बसवल्या. बुखारेस्टमधल्या एका मोठ्या रस्त्याला अजूनही त्याचं नाव आहे. तिथल्या नव्या नियमांत शेतकऱ्याने जमीनदाराकडे वर्षाला १२ दिवस वेठ करायची असं ठरलं. ऐकायला किती सोपं! पण एका दिवसाचं म्हणून जे काम लिहिलं होतं, ते एका दिवसात उरकणं शक्यच नव्हतं. नियम लिहिताना जमीनदार बसले होते, शेतकरी नव्हते. कार्ल मार्क्सने पुढे 'भांडवल' या ग्रंथात या १२ दिवसांचा खरा हिशेब मांडला.

रशियात परतल्यावर तो सरकारी जमिनींच्या नव्या खात्याचा मंत्री झाला. १८३७ ते १८५६ तो त्या पदावर होता. जमीनदाराच्या नव्हे, तर सरकारच्या जमिनीवर राहणारे लाखो शेतकरी त्याच्या हाताखाली आले. सम्राट निकोलस पहिला त्याला शेतकरी खात्याचा सेनाव्यवस्थापक म्हणे. काम मात्र त्याने मनापासून केलं. गावाने निवडलेले पुढारी, गावकोर्टं, शाळा, दवाखाने, छोट्या कर्जाच्या पेढ्या, दुष्काळासाठी धान्याची कोठारं. कमी जमीन असणाऱ्यांना जमीनही मिळाली.

मग आला बटाटा. पीक बुडून लोक उपाशी मरू नयेत, म्हणून १८४० साली हुकूम निघाला, की सरकारी गावांनी सामाईक जमिनीत बटाटा लावलाच पाहिजे. हेतू चांगला होता. पण ज्या जमिनीवर गाव आपलं धान्य पिकवत होतं, तीच यासाठी जायची. पीकही अनोळखी. बटाट्याच्या झाडाला येणारी हिरवी फळं तर विषारीच असतात. आणि खरी भीती वेगळीच होती. आधीच्या राज्यकर्त्यांनी सरकारी शेतकरी आपल्या मर्जीतल्या उमरावांना सरसकट बक्षीस देऊन टाकले होते. काही गावं तर जबरदस्तीने लष्करी वसाहती केली होती. नवं खातं, नवे कारकून, नवे कागद बघून लोकांना वाटलं, आता आपल्यालाही विकलं.

उरल डोंगराच्या भागात आणि व्होल्गा नदीच्या काठी १८४२ च्या सुमारास गावंच्या गावं उठली. शेतकऱ्यांनी कारकुनांना गाठलं आणि आम्हाला विकल्याचा कागद दाखवा म्हणून अडून बसले. असा कागद नव्हताच, तर दाखवणार काय? कारकुनांना मारहाण झाली. मग सैन्य आलं, गोळ्या झाडल्या, फटके मारले. लोक अडाणी होते म्हणून भडकले, असं सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही. जे त्यांच्या आजोबांच्या पिढीत खरंच घडलं होतं, त्यालाच ते घाबरत होते.

त्यानंतर सक्ती मागे घेतली. लागवडीची माहितीपत्रकं फुकट वाटली, चांगलं पीक काढणाऱ्याला बक्षिसं ठेवली. बटाटा हळूहळू घरोघरी रुळला.

जमीनदारांच्या भूदासांना हात लावायचं धाडस मात्र निकोलसने केलं नाही. ही पद्धत वाईट आहे, पण आता तिला हात लावणं आणखी वाईट, असं त्याचं म्हणणं. तो गेल्यावर किसेल्योव्हला राजदूत म्हणून पॅरिसला पाठवलं. १८६१ साली भूदासपद्धत उठवण्याचा कायदा आला. तो तयार करण्यात किसेल्योव्हचा भाचा निकोलाय मिल्यूतिन पुढे होता. मामा तेव्हा पॅरिसमध्येच होता. १८७२ साली तो तिथेच वारला.

स्वातंत्र्याचा तो जाहीरनामा गावोगावच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. काझान प्रांतातल्या बेझ्द्ना गावच्या लोकांना तरीही वाटलं, की खरा कागद आपल्यापासून दडवला आहे. तिथे अंतोन पेत्रोव्ह नावाच्या शेतकऱ्याला वाचता येत होतं. आसपासच्या गावांतली माणसं त्याच्या घराभोवती जमली, कायदा त्याच्याच तोंडून ऐकायला. तिथेही सैन्याने गोळ्या झाडल्या, आणि पुढे पेत्रोव्हलाही गोळी घातली.