उन्हाळ्यातील साप्ताहिक हवामान-नोंदी : कोकणकिनारा आणि अचलपूर

उन्हाळा लागला म्हणजे निरनिराळ्या गावांचे तापमान वृत्तपत्रांतून, आकाशवाणीवरून व आता भ्रमणध्वनीवरूनही रोज कळत असते. रत्नागिरीस ३३ अंश, अकोल्यास ४२ अंश असे आकडे शेजारी शेजारी पाहिले, की रत्नागिरीची हवा सुखकर असली पाहिजे असे वऱ्हाडातील शेतकऱ्यास वाटते. प्रत्यक्षात रत्नागिरीहून आलेला पाहुणा अचलपुरात सावलीत बसून "येथे घाम तरी वाळतो" असे म्हणतो. तापमापकावरील एका आकड्यावरून हवेचे पूर्ण स्वरूप कळत नाही, हेच यावरून दिसून येते. हे स्वरूप ओळखून त्याची आठवड्यागणिक नोंद ठेवण्यास शिकल्यास बागेचे पाणी व खरिपाची पेरणी या दोन्ही बाबतींत पुष्कळ नुकसान टाळता येते.

एकाच उन्हाळ्याची दोन रूपे

रत्नागिरी समुद्राच्या काठी वसलेली आहे. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते. दुपारी जमीन तापली, की समुद्रावरून वारा वाहू लागतो व तापमान फारसे चढू देत नाही. म्हणून मार्चपासून मेअखेरपर्यंत तेथील कमाल तापमानाचे साप्ताहिक आकडे ३२-३३ अंशांच्या आसपासच राहतात. रात्रीचे तापमानही मे महिन्यात २६ अंशांच्या सुमारास असते. म्हणजे दिवस व रात्र यांत जेमतेम सात अंशांचे अंतर पडते.

अचलपूर समुद्रापासून सुमारे पाचशे किलोमीटर आत, सातपुड्यातील गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. येथील काळी जमीन कपाशी व तुरीचे पीक निघाल्यावर उघडी पडते आणि उन्हाने भराभर तापते. वऱ्हाडच्या या भागात मार्चमध्ये ३७ अंशांच्या जवळपास असणारे कमाल तापमान एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडते व मे महिन्यात सरासरीने ४२ अंशांच्या आसपास पोहोचते. काही आठवडे ते त्याहूनही बरेच वर जाते. दिवस व रात्र यांतील अंतर मात्र येथे पंधरा अंशांपर्यंत असते.

हा भेद भारतीय हवामानशास्त्र विभागानेही मानलेला आहे. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी प्रदेशात तापमान किमान ४० अंश, तर किनाऱ्यावर किमान ३७ अंश असावे लागते. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असावे, अशी अट आहे. किनाऱ्यावरील ३७ अंश हे मैदानातील ३७ अंशांपेक्षा अधिक जाचक असतात, हाच या निकषाचा अर्थ होय.

ओला व कोरडा तापमापक

हवेतील ओलावा मोजण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे दोन तापमापकांची जोडी. एक तापमापक नेहमीचा, म्हणजे कोरडा असतो. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडलेले असते. चिंधीतील पाणी उडून जाताना उष्णता शोषून घेते व हा तापमापक कमी अंश दाखवितो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी अधिक उडते व दोन्ही तापमापकांतील फरक तितका वाढतो.

समजा, किनाऱ्यावर कोरडा तापमापक ३३ अंश व सापेक्ष आर्द्रता ७० टक्के आहे. अशा वेळी ओला तापमापक सुमारे २८ अंश दाखवील. फरक केवळ पाच अंशांचा पडतो. याउलट अचलपुरात मे महिन्याच्या दुपारी कोरडा तापमापक ४२ अंश व आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २४ अंशच दाखवील. येथे फरक अठरा अंशांचा होतो. कोरडा तापमापक येथे नऊ अंशांनी वर असूनही ओला मात्र चार अंशांनी खाली आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

घरोघरीचा अनुभवही हेच सांगतो. वऱ्हाडात माठातील पाणी गार होते व वाळ्याच्या ताटीवर पाणी शिंपडले की खोली थंड होते. कोकणात तोच माठ तितके गार पाणी देत नाही, कारण तेथील हवा आधीच ओलाव्याने भरलेली असल्यामुळे माठाच्या अंगावरील पाणी उडत नाही. घामाचेही तसेच आहे. किनाऱ्यावर घाम अंगावर दिसतो व माणूस कासावीस होतो. वऱ्हाडात तो निघताच वाळतो, म्हणून शरीरातून किती पाणी गेले याची जाणीवच राहत नाही. शेतमजुरांना व बैलांना तहान लागण्याची वाट न पाहता वरचेवर पाणी पाजावे असे सांगण्यात येते, ते याच कारणासाठी.

हवेची तहान व संत्र्याच्या बागा

वरील उदाहरण आणखी थोडे पुढे नेता येईल. ३३ अंश तापमानास एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३६ ग्रॅम वाफ मावते. ७० टक्के आर्द्रता असल्यास तीत सुमारे २५ ग्रॅम वाफ असते व ११ ग्रॅमची जागा रिकामी राहते. ४२ अंशांस तीच हवा सुमारे ५६ ग्रॅम वाफ धरू शकते, परंतु २० टक्के आर्द्रता असल्यास तीत केवळ ११ ग्रॅम असते आणि ४५ ग्रॅमची जागा रिकामी राहते. म्हणजे वऱ्हाडातील हवेची तहान किनाऱ्यावरील हवेच्या चौपट आहे. ही तहान विहिरीच्या पाण्यातून, जमिनीच्या ओलीतून व झाडाच्या पानांतून भागविली जाते.

अचलपूर व चांदूर बाजार भागातील संत्रा-बागाइतदारांस याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आंबिया बहाराची लहान फळे एप्रिल-मे महिन्यांत झाडावर असतात. हवेची मागणी एकाएकी वाढली व मुळांना तितके पाणी मिळाले नाही, तर ती गळतात. म्हणून पाण्याच्या पाळीचा हिशेब ठरावीक दिवसांवर न ठेवता बाष्पीभवनावर ठेवणे श्रेयस्कर होय. उघड्या पात्रातून एका दिवसात उडणारे पाणी वऱ्हाडात कडक उन्हाळ्यात १० ते १५ मिलिमीटरपर्यंत जाते. एक चौरस मीटर जागेवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पात्रातून १२ मिलिमीटर पाणी उडाले असेल, तर त्यास ०.७ या प्रचलित गुणकाने गुणून ८.४ मिलिमीटर येतात. झाडाचा घेर जमिनीवर १६ चौरस मीटर जागा व्यापीत असल्यास त्या दिवसाची गरज अधिकात अधिक सुमारे १३४ लिटर ठरते. झाडाचे वय व जमिनीचा मगदूर पाहून हा आकडा कमी करावा. पाणी दुहेरी आळ्याने किंवा ठिबकने द्यावे व ते बुंध्यास लागू देऊ नये.

मृग बहार धरणाऱ्या बागेस याच दिवसांत ताण दिलेला असतो. हवा किती कोरडी आहे हे नोंदीवरून कळले, म्हणजे ताण बेताचा आहे की झाडास सोसवेनासा झाला आहे, याचा अदमास करणे सोपे जाते.

नोंद साप्ताहिक का असावी

एका दिवसाचा आकडा फसवा असतो. वळवाची एक सर आली तर तापमान उतरते व दुसऱ्या दिवशी पुन्हा चढते. समजा, सात दिवसांचे कमाल तापमान ४१, ४२, ४३, ४३, ४२, ४० व ४३ अंश असे आले. बेरीज २९४ झाली व सातांनी भागिता सरासरी ४२ अंश आली. सहाव्या दिवसाच्या ४० अंशांवरून उन्हाळा उतरला असा निष्कर्ष काढला असता तो चुकीचा ठरला असता.

कृषी हवामानशास्त्रात वर्षाचे ५२ प्रमाण आठवडे मानितात. पहिला आठवडा १ ते ७ जानेवारी हा होय. त्याप्रमाणे २१ ते २७ मे हा एकविसावा, २८ मे ते ३ जून हा बाविसावा व ४ ते १० जून हा तेविसावा आठवडा येतो. शेतकऱ्यांच्या परिचयाचे नवतपाचे दिवस साधारणतः २५ मेपासून, म्हणजे एकविसाव्या आठवड्यात सुरू होतात आणि मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला, म्हणजे तेविसाव्या आठवड्यात लागते. आठवड्याचा क्रमांक दरवर्षी तोच राहत असल्याने यंदाच्या आकड्याची गतवर्षाच्या आकड्याशी सरळ तुलना करता येते.

नोंद कशी ठेवावी

तापमापक भिंतीला टांगू नयेत. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, दार उत्तरेस येईल असे ते ठेवावेत. ओल्या तापमापकाची चिंधी आठवड्यातून एकदा बदलावी व बाटलीत खारे पाणी घालू नये. वाचन सकाळी ७ व दुपारी २ वाजता घ्यावे. पर्जन्यमापक झाड व इमारत यांपासून दूर, उघड्या जागी बसवावा व दररोज सकाळी ८.३० वाजता पाणी मोजावे. एकट्या शेतकऱ्यास हा खर्च परवडत नसेल, तर शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्या आवारात संपूर्ण गावासाठी ही सोय करता येते. वहीत आठवड्याचा क्रमांक, कमाल व किमान तापमानाची सरासरी, ओल्या-कोरड्या तापमापकांतील दुपारचा फरक आणि आठवड्याचा एकूण पाऊस, इतके रकाने पुरेसे आहेत.

पाऊस मात्र प्रत्येकाने आपल्या शेतात मोजावा. सरळ कडांचे पसरट भांडे व मोजपट्टी यांनीही काम भागते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे व तेथे कोसळणारा पाऊस पायथ्याच्या गावांत पडेलच असे नाही. सापन किंवा बिच्छन नदीस पाणी आले, म्हणजे आपल्या वावरात ओल झाली असे समजणे धोक्याचे आहे.

किनाऱ्यावरील पाऊस व वऱ्हाडातील पेरणी

मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे केरळात १ जूनला व मुंबईस ११ जूनला पोहोचतो. कोकणात पाऊस सुरू झाल्याची वार्ता येताच वऱ्हाडात तिफणी सज्ज होतात. परंतु किनाऱ्याची तारीख ही वऱ्हाडच्या पेरणीची तारीख नव्हे. २०२३ साली मोसमी पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तेथेच सुमारे बारा दिवस खोळंबला. त्या वेळी अरबी समुद्रात बिपरजॉय हे चक्रीवादळ होते. विदर्भाच्या काही भागांत पाऊस २३ जूनला शिरला. २०२५ साली याच्या अगदी उलट घडले. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात व २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर तो मुंबईस पूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. त्यानंतर मात्र त्याची चाल जूनच्या मध्यापर्यंत खुंटली. राज्याच्या कृषी विभागाने त्या वेळी पेरणीची घाई न करण्याचा सल्ला दिला होता. एका वर्षी पाऊस उशिरा, दुसऱ्या वर्षी लवकर. पण किनाऱ्याकडे पाहून पेरणाऱ्याची फसगत दोन्ही वर्षी सारखीच झाली असती.

अशा वेळी साप्ताहिक वही उपयोगी पडते. ओल्या-कोरड्या तापमापकांतील दुपारचा फरक १८ वरून १२ व पुढील आठवड्यात ८ वर आला आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतरही कमी होत गेले, तर समुद्रावरील ओलसर हवा आपल्याकडे स्थिरावत आहे असे समजावे. एक-दोन सरी येऊनही फरक पुन्हा १६-१७ वर गेला, तर तो वळवाचा पाऊस होता असे ओळखावे. तापलेल्या काळ्या जमिनीत अशा सरीचे पाणी भेगांत जिरते व वरच्या थरातील ओल दोन-चार दिवसांत उडून जाते. त्या ओलीवर पेरलेले बी उगवते खरे, पण कोंब वर येताच वाळतो आणि दुबार पेरणीची पाळी येते. बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च दुसऱ्यांदा करण्याइतका पैसा जून महिन्यात फारच थोड्या घरांत शिल्लक असतो.

तथापि हवा ओलसर झाली एवढ्यावरही पेरणी करू नये. हवेचा ओलावा ही पूर्वसूचना आहे, खरा दाखला जमिनीतील ओलीचाच. आपल्या शेतातील मापकावर एकंदर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला असावा, ओल खालच्या ओलीस भिडलेली असावी व जमीन वाफशावर आलेली असावी. या तीन गोष्टी जुळल्यानंतरच सोयाबीन, तूर व कपाशी यांच्या पेरणीस हात घालावा. नक्षत्र कोणते चालू आहे व शेजाऱ्याने पेरणी केली किंवा नाही, या बाबी गौण समजाव्यात.

हवामान विभागाचे अंदाज, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सल्ले व 'मेघदूत' या भ्रमणध्वनी-सेवेवरील माहिती शेतकऱ्यांनी अवश्य पाहावी. ती माहिती मोठ्या प्रदेशासाठी असते. तिला आपल्या गावच्या नोंदीची जोड दिली, म्हणजेच तिचा पुरता लाभ होतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून रोज काही मिनिटे खर्च करून ठेवलेली ही वही मृग लागेपर्यंत चौदा आठवड्यांचा उन्हाळा शेतकऱ्यापुढे मांडील आणि बियाण्याची पिशवी आज उघडावी की आणखी आठ दिवस बांधूनच ठेवावी, हे ठरविण्यास आधार देईल.