खेळ रचला एकाने, कंपनी गेली दुसऱ्याकडे

भागीदारीचा धंदा आपल्या लोकांत बहुधा जबानीवर चालतो. दोन मित्र, दोन मेहुणे, कधी उस्ताद आणि शागीर्द एकत्र येतात, थोडेथोडे भांडवल घालतात आणि कामाला लागतात. कागद करण्याची गोष्ट निघाली की एकजण म्हणतो, 'कागद कशाला? आपण काय परके आहोत?' धंदा लहान असतो तोवर हे चालून जाते. धंदा वाढला किंवा एका भागीदाराचा इंतकाल झाला, म्हणजे तंटा उभा राहतो. अशा तंट्यात बंद पडलेली दुकाने आणि कारखाने आमच्या वाचकांनी आपापल्या गावात पाहिलेले असतीलच.

आज आम्ही सांगणार आहोत ती हकीकत अमेरिकेतील आहे. माणूस आपल्या ओळखीचा नाही, त्याचा मालही आपल्या बाजारातला नाही. राक्षस, भुतेखेते आणि जादूगार यांचे बैठे खेळ रचणे हा त्याचा धंदा. परंतु त्याच्या हातून कंपनी ज्या रीतीने गेली, ती रीत कोणत्याही बाजारपेठेतील व्यापाऱ्याला ओळखीची वाटेल.

तळघरातील जोडेदुरुस्ती

गॅरी गायगॅक्स यांचा जन्म १९३८ साली शिकागो शहरात झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक होते. पुढे हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावी राहायला गेले. गॅरी यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले. शिकागोतील एका विमा कंपनीत त्यांना नोकरी होती, तीही १९७० साली सुटली. घरात पत्नी आणि पाच मुले. तेव्हा गायगॅक्स यांनी घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करण्याचे काम सुरू केले.

त्यांना नाद होता युद्धाच्या खेळांचा. टेबलावर शिसाचे लहान शिपाई मांडून, नियमांप्रमाणे फौजा हलवून हे खेळ खेळले जातात. ते शतरंजचेच दूरचे नातलग. १९६८ साली गायगॅक्स यांनी गावातील एक सभागृह ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा शौकिनांचा मेळा भरवला. तोच 'जेन कॉन' हा मेळा आज इंडियानापोलिस शहरात भरतो आणि २०२४ साली त्याला ७० हजारांहून अधिक लोक आले होते.

१९७१ साली त्यांनी जेफ पेरेन यांच्यासोबत मध्ययुगीन लढायांची एक नियमपुस्तिका लिहिली. तिच्या शेवटी त्यांनी जादूगार आणि राक्षस यांच्यासाठी काही पाने जोडली. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या तरुणाने ती पाने घेऊन वेगळाच प्रयोग केला. फौज हलवण्याऐवजी प्रत्येक खेळाडूने एकच पात्र घ्यावे, ते पात्र किल्ल्याखालच्या भुयारांत उतरावे आणि जगले तर पुढच्या बैठकीत अधिक अनुभवी होऊन परत यावे, अशी ती कल्पना. १९७२ साली आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ दाखवला. गायगॅक्स यांनी त्याचे नियम लिहून काढले. त्यातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तयार झाला.

भीतीचा हिशेब

या खेळात कुणी शेवटी जिंकत नाही आणि पैसा लागत नाही. एकजण पंच बनून प्रसंग सांगतो, बाकीचे आपापली कृती सांगतात आणि कृती साधली की फसली हे फासे ठरवतात. गायगॅक्स यांचे खरे कसब हिशेबात होते. मशाल सहा फेऱ्या जळते आणि एक फेरी दहा मिनिटांची, म्हणजे बरोबर एका तासाने अंधार. सोने उचलले की वजन वाढते आणि चाल मंदावते. भुयारात उतरलेल्याला राक्षसाची भीती वाटते, त्याहून अधिक भीती शिल्लक मशालींची वाटते. १९७५ सालच्या एका स्पर्धेसाठी त्यांनी एका जादूगाराच्या थडग्याचा डाव रचला. त्यातील सापळ्यांनी भल्याभल्या खेळाडूंची पात्रे मारली. तो डाव १९७८ साली छापला गेला आणि आजही भयाच्या खेळांचा नमुना म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

कच्चा माल कुठून मिळवावा, याचीही नजर त्यांना होती. वीस पैलूंचे फासे त्यांना शालेय साहित्याच्या कॅटलॉगमध्ये सापडले. ते मुलांना गणित शिकवण्यासाठी बनवलेले होते. हाँगकाँगहून आलेली प्लास्टिकची स्वस्त खेळणी पाहून त्यांनी काही राक्षसांची रूपे ठरवली. १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने पेटीत आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणि फासे मिळवण्यासाठी कूपन घातले. विक्री थांबू दिली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जादूटोण्याचे विषय आमच्या अनेक वाचकांना रुचणार नाहीत आणि फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये काय आले आहे हेही त्यांना ठाऊक आहे. गायगॅक्स यांच्या १९७७ सालच्या राक्षसांच्या ग्रंथात जिन्न आणि इफ्रीत हेही खेळातील पात्रे म्हणून आलेले आहेत. अमेरिकेतही १९८० च्या दशकात काही ख्रिस्ती मंडळींनी या खेळाविरुद्ध मोठी मोहीम चालवली होती. आम्ही या खेळाची शिफारस करीत नाही. तो प्रश्न उलमांचा आहे. आम्हाला पाहायची आहे ती या धंद्याची वही.

तीन भागीदार

तयार खेळ घ्यायला नावाजलेली कंपनी राजी झाली नाही. तेव्हा ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि त्यांचे बालमित्र डॉन के यांनी 'टीएसआर' ही भागीदारी सुरू केली. के यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून पैसा घातला. तरी छपाईला रक्कम पुरेना. डिसेंबरमध्ये ब्रायन ब्लूम हे तिसरे भागीदार २,००० डॉलर घेऊन आले. तिघांचा वाटा सारखा ठरला.

जानेवारी १९७४ मध्ये खेळाच्या १,००० पेट्या निघाल्या. किंमत १० डॉलर. पेट्या भरण्याचे काम घरीच, हाताने होत असे. जाहिरातीला पैसा नव्हता. एकाने खेळला की तो दुसऱ्याला सांगे. वर्षभरात सगळा माल संपला आणि दुसरी छपाई काढावी लागली.

आणि नेमक्या त्याच वेळी, जानेवारी १९७५ च्या अखेरीस, डॉन के यांना हृदयविकाराने मृत्यू आला. वय अवघे ३६. कंपनीतील हिश्शाचे काय करायचे याची तजवीज त्यांनी कुठेच केलेली नव्हती. हिस्सा त्यांच्या पत्नीकडे गेला. त्यांना धंद्यात राहायचे नव्हते आणि हिस्सा विकत घेण्याइतका पैसा गायगॅक्स यांच्याकडे नव्हता. शेवटी नवी कंपनी काढावी लागली. तिच्यात पैसा आला तो ब्रायन ब्लूम आणि त्यांचे वडील यांचा. हिशेब झाला तेव्हा गायगॅक्स यांच्याकडे सुमारे ३५ टक्के उरले आणि ब्लूम घराण्याकडे उरलेले सगळे. खेळ रचणारा माणूस आपल्याच पेढीवर अल्पमतात गेला. हे घडले तेव्हा धंदा बुडत नव्हता, भरभराटीला येत होता.

दुसरा तंटा आर्नेसन यांच्याशी झाला. कंपनीने खेळाची मोठी आवृत्ती वेगळ्या नावाने काढली. त्या पुस्तकांवर आपलाही हक्क आहे, असे म्हणत आर्नेसन १९७९ साली कोर्टात गेले. १९८१ साली तडजोड झाली. दोघांनाही मूळ खेळाचे कर्ते मानण्यात आले, पण मैत्रीत जी तेढ पडायची ती पडली.

भरभराट आणि ओहोटी

१९८० नंतर विक्री कोट्यवधी डॉलरवर गेली. शेकडो नोकर ठेवले गेले. भरतकामाच्या साहित्याचा धंदाही विकत घेतला गेला, ज्याचा खेळांशी काही संबंध नव्हता. गायगॅक्स १९८३ साली कॅलिफोर्नियात कंपनीच्या दूरदर्शन मालिकेचे काम पाहू लागले आणि एका जुन्या चित्रपट दिग्दर्शकाच्या आलिशान कोठीत राहिले. खर्चाचा हात सगळ्यांचाच सैल होता. १९८४ अखेर कंपनीवर सुमारे १५ लाख डॉलर कर्ज असल्याचे उघड झाले.

गायगॅक्स परत आले. १९८५ च्या सुरुवातीला त्यांनी राखून ठेवलेल्या हक्काने जादा शेअर घेऊन कंपनीची सूत्रे हाती घेतली आणि लॉरेन विल्यम्स यांना कारभार पाहण्यासाठी नेमले. काही महिन्यांत ब्लूम बंधूंनी आपले शेअर विल्यम्स यांना विकले. २२ ऑक्टोबर १९८५ च्या बैठकीत गायगॅक्स यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. ते कोर्टात गेले, पण निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. १९८६ साली त्यांचा कंपनीशी संबंध संपला.

त्यांनी नवे खेळ काढले. १९९२ सालच्या एका खेळाच्या नावाची आद्याक्षरे जुन्या खेळासारखी होती. टीएसआरने हरकत घेतल्यावर नाव बदलावे लागले. पुढे दावा झाला आणि १९९४ च्या तडजोडीत त्या खेळाचे हक्कही टीएसआरकडेच गेले. टीएसआर पुढे स्वतःच कर्जात बुडाली. १९९७ साली ती 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने घेतली आणि १९९९ साली हॅसब्रोने विझार्ड्सला सुमारे ३२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतले. एवढी किंमत केवळ या खेळाची नव्हती, हे खरे. पण त्या सौद्यात गायगॅक्स यांचा वाटा नव्हता. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हात त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत ते घरी मित्रांना बोलावून खेळ घेत असत.

आपण काय घ्यावे

कुणी म्हणेल, ब्लूम यांनी दगा दिला. कुणी म्हणेल, गायगॅक्स यांनीच खर्च वाढवला. आमच्या मते मूळ चूक १९७३ सालची आहे. डॉन के यांच्या पत्नीला हिस्सा मिळाला, ही चूक नव्हे. तो त्यांचा हक्क होता. चूक ही की, तो हक्क कसा चुकता करायचा हे भागीदार हयात असताना ठरले नाही.

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. शरीअतप्रमाणे मयताच्या हिश्शात पत्नी, मुलगे, मुली, आईवडील यांचे वाटे ठरलेले आहेत. म्हणजे एका भागीदाराच्या जागी सात-आठ वारस उभे राहतात. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढीच संपुष्टात येते. पेढी नोंदलेली नसेल तर करारातील हक्कांसाठी दावा लावणेही कठीण होते.

तेव्हा आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे इतकेच. करारनामा लेखी असावा. भांडवल कुणाचे किती आणि कसब कुणाचे, हे त्यात यावे. एकाचा इंतकाल झाला तर त्याच्या हिश्शाची किंमत कोण ठरवील, वारसांना किती हप्त्यांत रक्कम मिळेल, बाहेरच्याला हिस्सा विकण्यापूर्वी आतल्याला विचारायचे की नाही, हेही लिहावे. नवा भागीदार पैसा घेऊन आला म्हणजे आपला वाटा किती उरतो, हे सही करण्यापूर्वी मोजावे.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. ज्यांना तो हुकूम चौदाशे वर्षांपूर्वी मिळाला, त्यांनीच आज 'कागद कशाला?' म्हणावे, हे शोभत नाही. कागद केल्याने भरवसा कमी होत नाही. भागीदाराच्या मागे राहिलेल्या विधवेची आणि यतीम मुलांची अमानत त्याच कागदाने सुरक्षित राहते.